आव्वाचा नियम आणि संध्याकाळी रडणारी बाळं



मागच्या पंधरवड्यात पुण्याहून लेकीचा फोन आला. संध्याकाळचे सव्वासात झाले असतील. फोनवर आधी बाळाचं रडणं ऐकू आलं, मग तिचं. नातू पाच आठवड्यांचा आहे. दिवसभर शहाण्यासारखा असतो आणि दिवेलागण झाली की सुरू होतो. पाय पोटाशी घेतो, मुठी आवळतो, तोंड लालबुंद होतं. पाजायला घेतलं तर दोन घोट घेऊन तोंड फिरवतो. डॉक्टरांनी तपासलंय, वजन छान वाढतंय, म्हणाले कॉलिक आहे, जाईल. पण ती म्हणाली, "आई, काहीतरी सांग ना द्यायला. त्याला झोप लागेल असं काहीतरी."

मी गप्पच झाले. कारण तीस वर्षांपूर्वी ही लेक एवढीच असताना, अशाच एका संध्याकाळी मी माझ्या आव्वाला अगदी हेच म्हणाले होते. आमच्या कृष्णाकाठी आजीला आव्वा म्हणतात. आव्वाने त्या रात्री मला जे सांगितलं ते आज तुम्हाला सांगणार आहे. पण त्याआधी थोडा इतिहास सांगते. बाळाच्या पोटदुखीवर लोकांनी आजवर काय काय केलं ते मी गेले पंधरा दिवस वाचते आहे, आणि ते कळल्याशिवाय आव्वाची गोष्ट नीट कळायची नाही.

बोलता न येणाऱ्याचं दुखणं

बाळ बोलत नाही, मग त्याला काय दुखतंय हे ओळखायचं कसं? हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. आयुर्वेदात बालरोगांवरचा मुख्य ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. तिची हस्तलिखित प्रत नेपाळात मिळाली, राजगुरू हेमराज शर्मा यांनी तिला मोठी प्रस्तावना लिहिली आणि १९३८ साली ती आपल्या मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापून निघाली. तिच्यात 'वेदनाध्याय' नावाचा एक अध्याय आहे. न बोलणाऱ्या बाळाचं दुखणं कोणत्या खुणांवरून ओळखावं, एवढंच त्यात सांगितलंय.

कान दुखत असेल तर बाळ हात कानाकडे नेतं आणि डोकं हलवतं. पोटात शूळ असेल तर ते स्तन सोडून देतं, रडतं, उताणं होऊन अंग वाकवतं. पोट ताठ लागतं, अंग गार पडतं, तोंडावर घाम येतो. वाचताना मला वाटलं, हे कुणीतरी पाळण्याशेजारी रात्र काढून लिहिलंय. पुस्तकावरून पुस्तक लिहिणाऱ्याला तोंडावरचा घाम दिसत नाही.

आपल्या बायकांनीही याला नावं ठेवली आहेतच. वायू धरला, पोटात कळ आली, मुरडा मारला, गुबारा धरला. डॉक्टरांचा 'कॉलिक' हा शब्द मोठ्या आतड्याच्या ग्रीक नावावरून आला आहे. म्हणजे त्यांनीही आधी बोट पोटाकडेच दाखवलं होतं. ते बोट कितपत बरोबर होतं, ते पुढे येईलच.

सहाण, गुटी आणि मध

पोट म्हटलं की औषध तोंडातून. आपल्याकडे ती जागा गुटीची. हिरडा, बेहडा, वेखंड, जायफळ, हळकुंड, सुंठ, काकडशिंगी, अतिविष, खारीक, बदाम आणि मुरुडशेंग. मुरुडशेंग पाहिली असेल तुम्ही, दोरीसारखा पीळ असलेली. पोटाला पीळ पडतो म्हणून पिळाची शेंग, असा साधा हिशेब. सहाणेवर प्रत्येकाचे वेढे मोजून द्यायचे, कुणाचे दोन, कुणाचे चार. जायफळाचा मात्र एकच, कारण त्याने गुंगी येते हे आजीला पक्कं ठाऊक असायचं. सोबत बेंबीभोवती हिंगाचा लेप आणि ओव्याच्या पुरचुंडीचा शेक.

गुटी कशात उगाळायची यात मात्र घराघरांत फरक होता. काश्यपसंहितेत बाळाला चाटवायचं सोनं मध-तुपात आहे, आणि पुष्कळ घरांत गुटीही मधातच देतात. आपल्या घरांत मध नाही. मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग अष्टमूलगुणांतला, तिथे बाळाला सूट नाही. म्हणून आपल्याकडे गुटी आईच्या दुधात उगाळायची रीत.

ही गोष्ट किती जुनी आहे ते बघा. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात आचार्य उग्रादित्य होऊन गेले. त्यांनी 'कल्याणकारक' नावाचा वैद्यकाचा मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात मद्य, मांस, मध यांशिवाय औषधं सांगितली. हा ग्रंथ पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांच्या हिंदी भाषांतरासह १९४० साली आपल्या सोलापुरातून प्रसिद्ध झाला.

आता गंमत अशी की १९७६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात डॉक्टरांना तान्ह्या बाळांचा एक वेगळा आजार ओळखू आला. बोट्युलिझम त्याचं नाव. एका जिवाणूचे बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. बाळाला आधी शी होईनाशी होते, मग रडणं बारीक होतं, ओढून पिण्याची ताकद जाते. हे बीजाणू काही वेळा मधात सापडतात. म्हणून आज जगभरचे डॉक्टर सांगतात, वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही नको.

हे वाचून मला आधी अभिमान वाटला. मग आव्वाची गोष्ट आठवली आणि तो जरा खाली बसला. आपल्या पूर्वजांनी मध सोडला तो मधमाश्यांच्या जिवासाठी, बीजाणूंची त्यांना कल्पना नव्हती. आणि मधाला दारात अडवणाऱ्या आपल्याच घरांत दुसरी एक वस्तू औषध म्हणून सरळ आत येत होती.

राईएवढी गोळी

ती वस्तू म्हणजे अफू.

अफूने बाळ गप्प होतं, यात शंका नाही. दुखणं जात नाही, रडायची शक्ती जाते. बाळ झोपतं, दुधालाही उठत नाही, शी घट्ट होते आणि मात्रा थोडी जास्त झाली की श्वास मंदावतो. तरी जगभर ती बाळांना दिली गेली, आणि कुठे दिली गेली हे पाहिलं की कारण कळतं.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम हे लेस विणणाऱ्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकात तिथल्या बायका दिव्याच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत लेसचं काम करायच्या, पैसे कामाच्या नगावर. मांडीवर बाळ रडलं की हात थांबला, हात थांबला की भाकरी गेली. दुकानात 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचं गोड औषध स्वस्तात मिळायचं. गुळासारख्या काकवीत कालवलेली अफूच ती. १८४३ च्या सरकारी चौकशीत मुलांच्या कामाबद्दल माहिती गोळा करताना हे सगळं बाहेर आलं.

अमेरिकेत १८४९ पासून 'मिसेस विन्सलोज सूदिंग सिरप' विकलं जायला लागलं. दात येताना, पोट दुखताना बाळाला शांत करणारं. जाहिरातीत मायाळू आई आणि गुटगुटीत बाळ, बाटलीत मॉर्फिन. १९०६ च्या कायद्याने असली द्रव्यं बाटलीवर छापणं सक्तीचं झालं, तेव्हा आयांना कळलं की आपण काय पाजत होतो. १९११ साली तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने त्याची गणना बाळं मारणाऱ्या औषधांत केली.

आणि आपली मुंबई. गिरणगावातल्या बाया पहाटे भोंग्याला गिरणीत जायच्या. बाळ चाळीतल्या खोलीत, एखाद्या म्हाताऱ्या शेजारणीजवळ किंवा पाच-सहा वर्षांच्या बहिणीजवळ. जाताना बाळाला 'बाळगोळी' द्यायची. राईएवढी गोळी, तिच्यात अफू. १९२९ साली नेमलेल्या शाही कामगार आयोगालाही बाळांना अफू देण्याच्या या चालीची दखल घ्यावी लागली.

या बायांना आपण काय म्हणायचं? निष्ठुर? मला तसं वाटत नाही. बाळ रडत होतं म्हणून अफू नव्हती. ते रडलं तर बघायला कुणी नव्हतं म्हणून अफू होती. त्यावरचा खरा उतारा कुठल्या औषधाच्या दुकानात नव्हताच. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कामगार बायांना बाळंतपणात पगारी सुट्टी मिळावी म्हणून बोलले आणि १९२९ साली मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला, देशातला पहिला. १९४८ च्या कारखाना कायद्याने पुष्कळ बाया कामाला असतील तिथे पाळणाघर ठेवणं बंधनकारक केलं. बाळाच्या रडण्यावरचे उपाय मोजायला बसले तर मी हे दोन कायदे गुटीच्या वर ठेवीन.

आव्वाने सांगितलेली गोष्ट

आता आव्वाकडे येते. १९९४ सालची गोष्ट. माझी लेक सहा आठवड्यांची, मी माहेरी. आपल्याकडे बाळंतिणीला ४५ दिवस देऊळ नसतं. पंचेचाळिसाव्या दिवशी बाळाला घेऊन जायचं, कानात णमोकार सांगायचा, अशी सगळी तयारी चालली होती. आणि पोरीचं रडणं रोज वाढतच चाललं होतं. रोज संध्याकाळी, नेमकं घरातली पानं मांडायच्या वेळेला. दिवस मावळायच्या आत जेवायचं, आणि बाळ नेमकं तेव्हा पेटायचं. सलग चार दिवस मी संध्याकाळची जेवलेच नाही. वर प्रत्येक येणारी-जाणारी विचारायची, "काय खाल्लंस गं आज?" हरभरा बंद, तूर बंद, पालेभाजी बंद, शेवटी मी मूगडाळीचं पाणी आणि भात यावर राहिले होते. पोर तशीच रडत होती.

कुणीतरी सांगितलं, सर्दीचं एक औषध मिळतं, अर्धा चमचा दिलं की बाळं छान झोपतात. मी ते मागवून घेतलं. बाटली हातात होती आणि आव्वा आत आली. मी म्हणाले, "आव्वा, देऊ का? हिला झोप तरी लागेल."

तिने बाटली काढून घेतली, पोरीला खांद्यावर टाकलं आणि फेऱ्या मारत मारत बोलायला लागली. तोवर तिने ही गोष्ट कुणालाही सांगितलेली नव्हती.

आव्वाचा पहिला मुलगा म्हणजे माझे अण्णा. ती तेव्हा एकोणीस वर्षांची. घरात चौदा माणसं, भुईमुगाच्या काढणीचे दिवस. अण्णा दीड महिन्याचे होऊन गेले होते आणि रोज दिवेलागणीला रडायचे. सासू म्हणायची, एवढं रडणारं पोर या घरात कधी झालं नाही. थोरल्या जावेने एके दिवशी हळूच कागदाची पुडी दिली. "औषध आहे. राईएवढं दुधात दे." ठेक्याच्या दुकानातली अफू. घरात कुणाला वावगं वाटलं नाही, कारण सगळ्यांच्या पोरांना तीच दिलेली. मध चालत नव्हता, मद्याचं नाव निघत नव्हतं, पण ही पुडी औषध होती.

अण्णा झोपले. आव्वा म्हणाली, "मी खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्या दिवशी मी सगळ्यांबरोबर जेवले." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी बहुधा राई जरा मोठी झाली. मध्यरात्री आव्वाला जाग आली ती चोळी दुधाने भिजली म्हणून. पोर पाजायला उठलंच नव्हतं. दिवा जवळ नेऊन बघते तर ओठ काळसर, अंग सैल, श्वास एवढा लांबलांब की प्रत्येकाची वाट बघावी लागत होती. गावात डॉक्टर नाही. तिने ते पोर छातीशी धरून तळपायांना टिचक्या मारत, नाव घेऊन हाका मारत रात्र काढली. उजाडताना अण्णांनी बारीक आवाज काढला आणि मग रडले. "तसं गोड काही मी परत ऐकलं नाही," आव्वा म्हणाली.

त्या सकाळी ती देवळात गेली आणि तिने मनाशी नियम घेतला. बाळाला गप्प करण्यासाठी त्याच्या तोंडात काही घालणार नाही, दुसरीला घालायला सांगणार नाही, आणि कुणी घातलं तर बरं केलंस असं म्हणणार नाही. कृत, कारित, अनुमोदना, तिन्हीचा त्याग. पुढची पाच बाळंतपणं, सुनांची आणि लेकींची बाळंतपणं, सगळीकडे तिने तो पाळला. आम्हाला फक्त एवढंच दिसायचं की आव्वाला बाळाला खांद्यावर घेऊन फिरायची भारी हौस आहे.

त्या संध्याकाळी तिने मला म्हटलं, "तू जेवून घे. तोवर ही माझ्याकडे." ती बहात्तर वर्षांची होती.

बाटलीतली शेप

तुम्ही म्हणाल, अफूचं ठीक आहे, पण ग्राइप वॉटर काय वाईट? त्याचाही इतिहास त्याच नॉटिंगहॅमचा आहे. १८५१ साली तिथल्या विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्याने ते तयार केलं. आसपासच्या दलदलीच्या भागात बाळांना हिवतापासाठी एक औषध देत असत, त्याने बाळं शांत होतात असं त्याने पाहिलं आणि त्यावरून आपली कृती बसवली. शेपेचं तेल, खायचा सोडा, साखर, पाणी आणि ३.६ टक्के मद्यार्क. ज्या गावात बाळांना अफू मिळत होती तिथे ही बाटली म्हणजे सुधारणाच होती, हे मान्य करायला हवं.

त्यातली शेप म्हणजे आपल्या बाळंतशोपाच. आपण त्या बाळंतिणीला जेवणानंतर चावायला देतो, त्यांनी तेल काढून बाळाला दिलं. मद्यार्क मात्र इंग्लंडमध्ये १९९२ पर्यंत टिकला, तेव्हा कुठे तो काढला. आपल्याकडे ग्राइप वॉटर आजीने आईला आणि आईने मुलीला सांगावं असं घरचं होऊन बसलं. औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचायची आपल्याला सवय नव्हती. पापडाच्या पुड्यावर लसूण आहे का ते आपण चष्मा लावून बघतो, आणि बाळाच्या औषधाची बाटली तशीच उघडतो.

नंतरच्या काळात डॉक्टरांनीही चुका केल्याच. पोटाची कळ थांबवणारं डायसायक्लोमिन नावाचं औषध तान्ह्या बाळांना सर्रास देत. श्वास अडकल्याच्या तक्रारी आल्या तेव्हा, १९८० च्या दशकात, सहा महिन्यांखालच्या बाळांना ते देऊ नये असं ठरलं. वायू मोडणारे सिमेथिकोनचे थेंब तसे निरुपद्रवी, पण १९९४ साली तपासणी झाली तेव्हा नुसत्या खोट्या औषधापेक्षा त्यांचा जास्त उपयोग दिसला नाही.

आयांच्या वह्या

मग कॉलिक ओळखायची कशी? १९५४ साली अमेरिकेत येल विद्यापीठाशी संबंधित मॉरिस वेसल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा नियम दिला. चांगलं खातं-पितं, एरवी निरोगी बाळ दिवसातून तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त, आणि तीन आठवड्यांहून जास्त रडत असेल तर ती कॉलिक. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये शेफील्डचे डॉक्टर इलिंगवर्थ यांनीही 'तीन महिन्यांची कॉलिक' यावर लिहिलं. तीन महिने हे नावच पडलं, कारण तेवढ्यात ती आपोआप जाते.

१९६२ साली बेरी ब्रेझल्टन या डॉक्टरांनी ८० आयांना वह्या दिल्या आणि बाळ किती वेळ रडलं ते रोज लिहायला सांगितलं. यातली बाळं आजारी नव्हती, साधी, चांगली बाळं होती. दुसऱ्या आठवड्यात ती दिवसाला सुमारे पावणेदोन तास रडत होती. सहाव्या आठवड्यात पावणेतीन तास. मग उतरत उतरत बाराव्या आठवड्यापर्यंत पुष्कळ कमी. आणि सगळ्यात जास्त रडणं संध्याकाळी.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. सहावा आठवडा म्हणजे ४२ दिवस! आपण ४५ व्या दिवशी बाळाला देवळात नेतो, आणि ते तिथे टाहो फोडतं, आणि बायका म्हणतात दृष्ट लागली, आईचं दूध वायूचं आहे, हिने काहीतरी खाल्लं. अगं, ते जगातल्या सगळ्या बाळांसारखं आपल्या वेळेवर रडत होतं.

अंगावर पिणारी आणि वरचं दूध पिणारी, दोन्ही बाळं सारखीच रडतात असं पुढे दिसलं. म्हणजे दोष आईच्या दुधात नाही. थोड्या बाळांना गाईच्या दुधातलं प्रथिन सोसत नाही, तिथे आईने दूध-तूप सोडून फरक पडू शकतो, पण ते डॉक्टरांनी बघून सांगायचं. बाकीच्यांसाठी डाळभात, भाजी खा. उपाशी आईने कुणाचं पोट दुखायचं थांबत नाही. वायू हे खरं कारण असंही आता मानत नाहीत. रडताना हवा गिळली जाते म्हणून पोट फुगतं, असंही होतं. बाळाची आतडी आणि मेंदू दोन्ही अजून तयार होत असतात, दिवसभराचं दिसणं-ऐकणं संध्याकाळी त्याला झेपत नाही, असा आजचा विचार आहे.

आणि खांद्यावर घेण्याचं काय? १९८६ साली कॅनडात मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी हेच तपासलं. ज्या आयांनी बाळाला, ते रडत नसतानाही, रोज जास्तीचे दोन-तीन तास अंगावर बाळगलं, त्यांची बाळं सहाव्या आठवड्यात ४३ टक्के कमी रडली. मात्र कॉलिकच असलेल्या बाळांवर हा प्रयोग केला तेव्हा एवढा फरक पडला नाही. आफ्रिकेत कालाहारीच्या वाळवंटात राहणाऱ्या कुंग लोकांच्या आया बाळाला जवळजवळ दिवसभर अंगाशी बांधून ठेवतात. त्यांची बाळंही रडतात, त्याच वयात जास्त रडतात, फक्त प्रत्येक वेळचं रडणं थोडक्यात आटोपतं.

म्हणजे कडेवर घेतल्याने कॉलिक बरी होत नाही. पण बाळ रडताना एकटं नसतं, आणि कुणीतरी त्याच्याकडे बघत असतं. अफू दिलेल्या बाळाकडे कुणी बघत नाही, सगळा फरक तिथे आहे.

मी लेकीला काय सांगितलं

आधी ओळख. ठरावीक वेळेला रडतंय, मधल्या वेळात हसतंय, दूध नीट पितंय, लंगोट ओले होताहेत, वजन वाढतंय, तर ती कॉलिक. पण ताप आला (तीन महिन्यांच्या आत ३८ अंश म्हणजे ताप), हिरवी उलटी झाली, शीत रक्त दिसलं, पिणं सोडलं, बाळ मलूल झालं, टाळू फुगली, जांघेत गाठ आली, किंवा रडण्याचा आवाजच बदलला, तर घरात एकही उपाय करत बसू नका. त्याच घडीला दवाखाना. हातापायाच्या बोटाला आपला लांब केस गुंडाळला गेलाय का तेही बघा, त्याने बाळं जीव खाऊन रडतात.

मग सांभाळणं. ढेकर काढून उभं धरायचं. हाताच्या पन्हाळीवर पालथं घेऊन पाठीवरून हात फिरवायचा. सायकल चालवल्यासारखे पाय हलवायचे. दिवे मंद, टीव्ही बंद, पाहुण्यांना नमस्कार. कोमट पाण्याने अंग पुसायचं. कानाशी संथ आवाजात णमोकार म्हणायचा. त्याला अर्थ कळत नाही, आपला श्वास मात्र संथ होतो आणि ते त्याला कळतं. शेक द्यायचा तर आपल्या मनगटावर तपासून, नुसता उबदार. पूर्वी गावोगाव बाळाच्या पोटाला डागण्या द्यायचे, अजूनही कुठे कुठे देतात. तसलं काही कुणी सुचवलं तर बाळ घेऊन तिथून उठायचं. झोपवताना उताणंच.

गुटीबद्दल मला माहीत आहे, तुमच्यातल्या पुष्कळजणी नाराज होतील. पण पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपले डॉक्टरही. माझी सहाण मी देवघराशेजारी ठेवली आहे. वेखंड, मुरुडशेंग बघून मला आव्वाची आठवण येते, तेवढं पुरे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रडणं ऐकून ऐकून हात थरथरायला लागले, राग आला, तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून दार लोटून पाच मिनिटं बाहेर जा. गॅलरीत उभी राहा, पाणी पी, कुणाला तरी फोन कर. पाच मिनिटं रडून बाळाला काही होत नाही. त्याला रागाने गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे प्रत्येक नव्या आईला, आणि बाबालाही, आधीच सांगून ठेवायला हवं. राग येणं हे पाप नाही, ती थकवा आल्याची खूण आहे.

सासूबाईंना, आईला, नणंदांना माझी एकच विनंती आहे. "काय खाल्लंस?" विचारायच्या ऐवजी "जेवलीस का?" विचारा आणि बाळ हातातून घ्या.

हे सगळं फोनवर सांगून झाल्यावर मला वाटलं, नुसतं सांगून काय उपयोग? दुसऱ्या दिवशीच्या गाडीने पुण्याला आले. आता रोज साडेपाचला नातू माझ्या खांद्यावर असतो. तो रडतो, मी गॅलरी ते स्वयंपाकघर फेऱ्या मारते. लेक-जावई दिवस मावळायच्या आत शांतपणे जेवतात. काल त्याची बेचाळिसावी संध्याकाळ होती आणि तो तीन तास रडला. परवा आम्ही त्याला देवळात नेणार आहोत. तिथेही रडेल. रडू दे.

आव्वाचा नियम मी आता माझ्या नावावर घेतला आहे. तुमच्यापैकी कुणाला घ्यावासा वाटला तर जरूर घ्या.

जय जिनेंद्र.